आधी छेद सांगा

माझ्याकडे येणारी पोरं बहुतेक एमडीच्या शेवटच्या वर्षाची असतात. पेनड्राइव्हवर मास्टर चार्ट, थिसिस जमा करायची तारीख डोक्यावर, आणि तोंडात एकच वाक्य: "सर, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या." मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राचा माणूस. पी-व्हॅल्यू काय, संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. पण मी आधी विचारतो, की या चार्टातली माणसं आली कुठून? आणि जी यायला हवी होती पण आली नाहीत, ती कोण? त्याचं उत्तर चार्टात नसतं. बहुतेकदा ते पोरांनाही माहीत नसतं, कारण तसं विचारायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

सोलापुरात राहून हा विषय शिकवायची एक सोय आहे. जगभरच्या डॉक्टरांनी वाचलेलं एक मोठं काम इथून सत्तर किलोमीटरवर, बार्शीत आणि शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात झालं. उदाहरणासाठी लंडन-बोस्टनला जावं लागत नाही. या व्यवसायात जे पदरी पडलं ते खाली लिहितो. काही मुद्द्यांवर रेंगाळलो आहे, काही दोन ओळींत उरकले आहेत.

१. ओपीडी म्हणजे जिल्हा नव्हे

आपल्या सिव्हिलला रुग्ण अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येतात तसे तुळजापूर-उमरग्याहून येतात आणि कर्नाटकातल्या इंडी, अफझलपूर, आळंदहूनही येतात. थिसिसचं शीर्षक मात्र असतं "सोलापूर जिल्ह्यातील अमुक आजाराचे प्रमाण". ओपीडीत बसून जिल्ह्याचं प्रमाण निघत नाही. फार तर ओपीडीचं निघतं.

यात एक छुपी खोच आहे. एकच दुखणं असलेला माणूस अंगावर काढतो, दोन दुखणी झाली की दवाखाना गाठतो. त्यामुळे वॉर्डात ती दोन दुखणी जोडीनं दिसतात आणि आपल्याला वाटतं, एकामुळे दुसरं होत असणार. गावात जाऊन पाहावं तर दोघांचा काही संबंध नसतो. अमेरिकेतल्या जोसेफ बर्कसननं १९४६ साली हे गणित मांडून दाखवलं. आपल्याकडचे निम्मे "असोसिएशन" वाले थिसिस आजही तिथेच अडखळतात, असं माझं मत आहे.

उलट बाजूचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरवरून हिशेब केला असता तर त्या गावांत बायका ठणठणीत आहेत असंच निघालं असतं.

२. वारीतला जुलाब कुणाच्या खात्यावर?

प्रत्येक टक्केवारीला वर अंश आणि खाली छेद असतो. अंश सगळे छाती फुगवून सांगतात, छेदाबद्दल कुणी बोलत नाही. आषाढीला पंढरपुरात जुलाब-उलटीचे रुग्ण वाढतात. २०११च्या जनगणनेत पंढरपूर शहर जेमतेम लाखाचं. त्या आठवड्यातले रुग्ण या लाखानं भागले तर साथ उसळल्यासारखी वाटेल. गावात त्या वेळी असलेल्या अनेक लाखांनी भागले तर काहीच झालं नाही असं वाटेल. दोन्ही भागाकार बिनचूक. शिवाय वारकरी द्वादशीला परतीच्या वाटेला लागतात. चंद्रभागेकाठी पोटात गेलेला जंतू परभणीत किंवा जळगावात पोचल्यावर जागा होतो आणि तिथल्या आरोग्य केंद्रात मोजला जातो. नकाशावर ठिपका पडतो तो भलत्याच जिल्ह्यात.

३. नोंद करायला कुणीतरी जावं लागतं

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. मुंबईतल्या नोंदणीची पद्धत अशी, की रुग्णालयं आणि प्रयोगशाळांमधून नोंदी गोळा करायच्या. ती इथे चालणारी नव्हती. परांड्याच्या वाडीवरची बाई अंगावरून जातंय म्हणून प्रयोगशाळेपर्यंत येतच नव्हती. म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशयित रुग्णांना बार्शीला आणलं. रोग शोधल्याशिवाय रोगाची नोंद होणार नाही, असा तो प्रकार होता.

आता एक अलीकडचा आकडा. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या २०२०च्या अहवालात पुरुषांमधलं कॅन्सरचं वयानुसार समायोजित प्रमाण मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात लाखाला २६९.४, म्हणजे देशात सर्वांत जास्त. सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडमध्ये, लाखाला ३९.५. हे वाचून एका परिचितानं मला अभिमानानं सांगितलं, "बघा, आपली ज्वारीची भाकरी!" भाकरीचा वाटा असेलही. ऐझॉलमध्ये तंबाखूचे प्रकार वेगळे, खाणं वेगळं, हेही खरं. पण जिथे बायोप्सीसाठी दिवसभराची मजुरी आणि एसटीचं भाडं सोडावं लागतं, तिथे काही कॅन्सर नाव न मिळताच माणसाबरोबर जातात. मृत्यूच्या दाखल्यावर "वार्धक्य" लिहिलं जातं. ३९.५ मध्ये खरी कमतरता किती आणि निदानच न झालेले किती, याची फोड तो आकडा करून देत नाही.

४. "तंबाखू खाता का?"

फॉर्मवर हा प्रश्न छापलेला असतो. बाई "नाही" म्हणते, नर्स "नाही"वर खूण करते आणि पुढच्या घरी जाते. दारातल्या कट्ट्यावर मिश्रीची डबी उघडी पडलेली असते. बाई खोटं बोललेली नसते. तिच्या लेखी तंबाखू खाणं म्हणजे चुना लावून दाढेखाली धरणं. सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं मिश्री लावणं म्हणजे दात घासणं. तोंडाच्या कॅन्सरच्या अभ्यासात अशा बायका "तंबाखू न घेणाऱ्या" गटात गेल्या की त्या गटातही कॅन्सर दिसू लागतो आणि तंबाखूचा दोष कागदावर हलका होतो. मी फॉर्म तपासायला बसलो की या एका प्रश्नाची तोडमोड करून तीन प्रश्न करायला लावतो: मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, लावल्यावर थुंकता की गिळता.

वयाचंही तसंच. "वय किती?" "असंल की पन्नास." मग चार्टात चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ यांचे उंच मनोरे आणि मधे ओसाड. जुन्या फील्डवर्करना यावर चांगला तोडगा माहीत असतो. "बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं होतं का, मावशी?" "किल्लारीचा भूकंप झाला तवा थोरला केवढा होता?" दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. त्या दोन खुंट्यांवरून वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं तरी हाती लागतं.

आणि भाषा. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, बोटं थांबत नाहीत. घरात तेलुगू चालते. मराठी फॉर्म घेऊन गेलेल्या मुलीला उत्तरं सुनेमार्फत मिळतात. सासूच्या खोकल्याबद्दल सून काय सांगेल, आणि विडी कारखान्याचं कार्ड जाईल या भीतीनं काय सांगणार नाही, हे त्या घरात तासभर बसल्याशिवाय कळत नाही. बीजगणितानं हा दोष निघत नाही. तेलुगू बोलणारी मुलगी नेमली की बराच निघतो.

५. मागावर उरलेले

यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायचा म्हणून कारखान्यात गेलात तर बऱ्यापैकी दमदार माणसं भेटतात. ज्यांचा दम लागू लागला ते कधीच काम सोडून कुठे रात्रपाळीच्या वॉचमनची खुर्ची धरून बसले, किंवा गावी गेले. वीस वर्षं मागावर काढलेला धट्टाकट्टा कामगार पाहून "सुताच्या धुळीनं काही होत नाही" म्हणणारे मालक मी ऐकले आहेत आणि तसं लिहिणारे थिसिसही वाचले आहेत.

विडीकाम करणाऱ्या बायकांचं प्रकरण याच्या उलट गुंत्याचं. त्यांना खोकला जास्त, हे मान्य. पण एका खोलीत सहा माणसं, नवऱ्याची विडी, चुलीचा धूर, कमी वजन आणि घरात आधी होऊन गेलेला टीबी, हे सगळं तंबाखूच्या धुळीसोबत एकाच छपराखाली नांदतं. तुलनेला डॉक्टरांच्या कॉलनीतल्या बायका घेतल्या तर सगळं पाप धुळीच्या माथी जाईल. त्याच गल्लीतली, तशाच खोलीतली, पण शिलाईकाम करणारी बाई शोधावी लागते. ती सापडायला वेळ लागतो, म्हणून कुणी शोधत नाही.

६. लवकर सापडली म्हणजे जास्त जगली का?

बार्शीच्या मंडळींनी १९९५ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. गावांत जागृती केल्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडणारे रुग्ण ३८ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. काम मोलाचं आहे, शंका नाही. पण विद्यार्थ्यांना मी इथेच थांबवतो आणि विचारतो, यावरून बायका वाचल्या असं म्हणता येईल का?

समजा एखादीचा आजार असा आहे, की काही केलं तरी ती २००० सालीच जाणार. रक्तस्राव वाढल्यावर १९९९ला निदान झालं तर ती "एक वर्ष जगली". १९९६च्या शिबिरात सापडली तर "चार वर्षं जगली". मरणाची तारीख तीच आहे, मोजायला सुरुवात तेवढी लवकर झाली. शिवाय शिबिरात हळू वाढणारे आजार जास्त सापडतात. भरभर वाढणारा आजार दोन शिबिरांच्या मधेच येतो आणि घेऊन जातो. म्हणून "निदानानंतर किती वर्षं" हा आकडा तपासणी मोहिमेच्या बाजूनं आपोआप झुकतो. मोहिमेचा खरा कस एकाच मोजणीत लागतो: तपासणीला बोलावलेल्या सगळ्या बायकांपैकी किती त्या आजारानं गेल्या, आणि न बोलावलेल्यांपैकी किती.

ती मोजणी याच भागात झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात फक्त माहिती व नेहमीच्या सोयी. तपासणी प्रत्येकीची एकदाच. त्यानंतर आठ वर्षं नोंद. निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले.

कॅन्सर किती सापडले ते आधी बघा. एचपीव्ही गटात १२७, पॅपच्या गटात १५२, ॲसिटिक ॲसिडच्या गटात १५७, आणि काहीच न केलेल्या गटात ११८. चारही गट साधारण ३१ ते ३४ हजारांचे. एवढंच हाती आलं असतं तर आपल्याकडच्या एखाद्या चॅनेलनं "तपासणीमुळे कॅन्सर वाढला" अशी पट्टी चालवली असती. आता मृत्यू बघा: ३४, ५४, ५६ आणि ६४. तपासणी केली म्हणून लपलेले कॅन्सर आधी दिसले, आकडा फुगला. दुसऱ्या टप्प्याचे आणि त्यापुढचे कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ तर चौथ्या गटात ८२. रुग्ण वाढले आणि मरण घटलं, ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

बोलावलेल्या सगळ्याच बायका आल्या नाहीत. एचपीव्ही गटात सुमारे ८० टक्के आल्या. तपासणीला येणारी बाई बहुधा थोडी शिकलेली असते, तिला घरून अडवणूक कमी असते, तब्येतीकडे तिचं लक्ष असतं. म्हणजे तपासणी नसतीच तरी तिचा धोका वेगळा असता. फक्त आलेल्यांची तुलना केली असती तर चाचणीला फुकटचं श्रेय मिळालं असतं. म्हणून न आलेल्यांचे मृत्यूही बोलावलेल्या गटाच्याच खात्यावर धरले. संशोधकांच्या प्रामाणिकपणाची खूण मी इथे शोधतो. गैरहजर माणसाला हिशेबात कुठे बसवलं?

चौथ्या गटातल्या त्या ६४ जणींबद्दल पुढे मोठा वाद झाला. आजार टाळण्याचा मार्ग जगात माहीत असताना इतक्या बायकांना नेहमीच्याच, म्हणजे जवळपास नसलेल्या, सोयींवर का सोडलं? संशोधकांची बाजू मांडणारे म्हणाले, या भागात तेव्हा दुसरं काही उपलब्धच नव्हतं. मला टीकाकारांचं म्हणणं अधिक पटतं. पण निष्कर्ष हाती असूनही नंतरच्या वर्षांत गावोगाव तपासणी का पोचली नाही, हा प्रश्न संशोधकांपेक्षा इतरांना जास्त विचारायला हवा.

७. "लक्षणीय फरक आढळला नाही"

याच अभ्यासाचं सर्वांत जास्त चुकीचं वाचन या वाक्यामुळे झालं. ॲसिटिक ॲसिडच्या गटात मृत्यूचा धोका चौथ्या गटाच्या ०.८६ पट निघाला, आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६० ते १.२५. इंटरव्हलमध्ये १ येतो, म्हणून संख्याशास्त्राच्या भाषेत फरक लक्षणीय नाही. लोकांनी वाचलं: व्हिनेगरची तपासणी कुचकामी.

इंटरव्हल पुन्हा वाचा. मृत्यू ४० टक्क्यांनी घटण्यापासून २५ टक्क्यांनी वाढण्यापर्यंतची कुठलीही शक्यता या माहितीला मान्य आहे. म्हणजे अभ्यासानं "उपयोग नाही" म्हटलेलं नाही, "मला नक्की सांगता येत नाही" एवढंच म्हटलं आहे. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यात याच पद्धतीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ साली आलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या चमूला ३१ टक्क्यांची घट दिसली, ते २०१४ साली आलं. ०.६५ आणि ०.६९ हे दोन्ही आकडे उस्मानाबादच्या ०.६० ते १.२५ मध्ये आरामात बसतात. तिन्ही अभ्यासांचं भांडण नाहीच. फरक आहे तो पद्धतीत. मुंबईत दर दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या, उस्मानाबादेत एकच. शिवाय डोळ्यांनी पाहायची तपासणी पाहणाऱ्या नर्सच्या नजरेवर चालते, एचपीव्ही यंत्रावर.

आणखी एक बारकावा. सव्वा लाखावर बायका म्हटलं की आकडा भक्कम वाटतो. पण वाटणी बायकांची झाली नाही, ५२ गटांची झाली. एका आरोग्य केंद्राखालच्या गावांत रस्ता तोच, नर्स तीच, पाटलांचं वजन तेच. त्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून प्रत्येक नव्या बाईकडून मिळणारी नवी माहिती कमी. इंटरव्हल एवढा रुंद का, याचं एक कारण हे. माझ्याकडे "पाच शाळांतली आठशे मुलं" घेऊन येणाऱ्यांना मी सांगतो, तुझ्या हिशेबात आठशेपेक्षा पाच हा आकडा जास्त बोलतो. ते नाराज होऊन जातात.

८. निम्मं म्हणजे किती?

एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे वाक्य खरं आहे. वर्षाला लाख बायकांमागे मृत्यू २५.८ वरून १२.७ वर आले, हेही खरं, आणि ऐकायला कितीतरी सौम्य. तिसरी मांडणी मी करतो: साधारण हजार बायकांना एकदा तपासणीला बोलावलं, की आठ वर्षांत एक मृत्यू टळतो. पाच-सहा हजार वस्तीच्या गावात या वयाच्या बायका तेवढ्याच असतात. म्हणजे अशा गावात आठ वर्षांत दोघी जाणार होत्या, त्यातली एक वाचली. चाचणी विकणारा पहिलं वाक्य निवडेल, खर्च टाळणारा अधिकारी दुसरं. ग्रामसभेत मी तिसरं बोलेन.

९. सरासरीला सीमारेषा करू नये

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे या बाबतीत आपले गुरू. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली दिवसाला २२५० कॅलरी हा मापदंड धरून गरिबी मोजली. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की गरज माणसागणिक वेगळी असते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. सरासरी गरजेची रेषा ओढली तर धडधाकट माणसांपैकीही साधारण निम्मे तिच्याखाली येणारच. त्यांना उपाशी कसं म्हणता? पुढे शरीर कमी खाण्याशी विनासायास जुळवून घेतं इथवर ते गेले, ते मला पटत नाही. पण हिमोग्लोबिन असो, बाळाचं वजन असो की साखर, पहिला आक्षेप आजही रोज कामाला येतो.

१०. वीस चाचण्या

वय, लिंग, रक्तगट, फक्त राशी सोडून बाकी सगळ्यांशी आजार ताडून पाहायचा आणि जिथे पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आलं ते शीर्षकात टाकायचं, हा उद्योग बंद व्हायला हवा. खरा संबंध कुठेच नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक तरी "लक्षणीय" निघण्याची शक्यता ६४ टक्के. कुठली चाचणी करणार हे सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवा. विषय संपला.

११. "बायस आहे" ही पळवाट नाही

ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. आधी विधिमंडळात आकडा आला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. नुसता अंश. त्यातल्या ऊसतोड करणाऱ्या किती, तेही कळत नव्हतं. मग नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे सर्वेक्षण आलं: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं, म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्राचं प्रमाण होतं २.६ टक्के.

तेव्हा एक गृहस्थ मला म्हणाले, ही तुलनाच चूक आहे. मुद्दा बरोबर होता. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायका असतात, त्यात शाळा-कॉलेजातल्या मुलीही आल्या. कोयत्यावर जाणाऱ्या बहुतेक लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, काही पन्नाशीच्या पुढच्या. वयाप्रमाणे जुळवून घेतलं तर दरी कमी होईल. पण त्यांना एवढंच म्हणायचं नव्हतं. तुलना चूक म्हणून प्रकरणच खोटं, असं त्यांना सुचवायचं होतं. दोष दाखवल्यावर पुढची पायरी असते: तो दोष आकड्याला कुठल्या दिशेनं आणि साधारण किती ढकलतो ते सांगणं. वयाच्या फरकानं २.६चे १७ होत नाहीत. शिवाय फडात पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, हे त्या बायकांनी स्वतः सांगितलेलं आहे. तंबाखू कंपन्यांनी कितीतरी वर्षं "अभ्यासात बायस आहे" या एका वाक्यावर काढली. आपल्याकडे तेच वाक्य शिकवून पोरांना हुशार बनवायचं असेल तर माझी त्याला साथ नाही.

राहिली एक विनंती. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी मोफत आहे, ॲसिटिक ॲसिड लावून होते ती. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती द्या म्हणते, आणि त्यामागच्या पुराव्यात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायका आहेत. आशाताई रजिस्टर घेऊन दारात आल्या तर "आता घरात कुणी नाही" म्हणून परत पाठवू नका. वय खरं सांगा, मिश्रीचं खरं सांगा. घरातली बाई कारखान्यावर किंवा फडात गेली असेल तर ती कधी परत येईल ते सांगा, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीचा वार कुठला, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.